एकेकीचं वेगळं कारण

"तिचं इंग्लिश चांगलंय. कारणं तिच्याकडूनच लिहून घेतो."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी गेटपासवर फोटो चिकटवत होते. 'ती' म्हणजे मीच, कारण त्या ऑफिसात दुसरी मुलगी नव्हती. बोलणारे आमचे साहेब होते, कंपनीतल्या कुणाशी तरी फोनवर. कुणी माझा विषय काढला की आधी घाबरायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. काहीतरी चुकलंय आणि आता ते चारचौघांत सांगितलं जाणार, असंच वाटतं.

ऑफिस म्हणजे वाळूजमधल्या एका मोठ्या कारखान्याच्या गेटलगतची पत्र्याची खोली. आम्ही कारखान्याचे नव्हतो. कारखान्याच्या पॅकिंग लाइनवर बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराची आम्ही माणसं. साहेब, हजेरी बघणारे एक वयस्क भाऊ आणि मी. त्या खोलीला सगळे टाइम ऑफिस म्हणत. मला कामाला लागून दोन महिने झाले होते.

साहेब आत आले आणि माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"हे राजीनामे. कंपनीचा ऑडिटर बोंबलतोय. म्हणतो, सगळ्या बायकांना एकाच दिवशी एकच 'वैयक्तिक कारण' कसं काय आलं? तू जरा वेगवेगळं लिही. एकेकीचं वेगळं कारण. कॉन्व्हेंटात निबंध लिहायचीस ना? तसं."

भाऊंनी हजेरीपटावरून मान वर केली. "लग्न, बाळंतपण, सासू आजारी. एवढी तीन लई झाली. फक्त सगळ्यांच्या सासवा एकदम आजारी पाडू नको."

दोघं हसले. मीही हसले, कारण हसायचं असतं.

आता 'ब्रेक'बद्दल सांगायला हवं. माझ्या शाळेत ब्रेक म्हणजे डबा खायची सुट्टी. वाळूजमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे हे मला तिथं जाऊन कळलं. कंत्राटावरच्या माणसाचे सात महिने भरत आले की त्याला काही दिवस घरी बसवतात आणि मग नवीन माणूस म्हणून परत घेतात. सलग काम झालं तर उद्या तो 'मला कायम करा' म्हणू शकतो, म्हणून ही सोय. कागदावर मात्र तो स्वतः राजीनामा देऊन गेलेला असतो. बायकांना हे अर्धं माहीत होतं. कागदावर सही करायची, पंधरा दिवस घरी बसायचं, परत यायचं. 'ब्रेकला चालले' असं त्या म्हणत, माहेरी चालल्यासारखं. कागद इंग्रजीत असे. त्यावर काय लिहिलंय हे कुणी विचारत नसे, आणि विचारलं तर 'ब्रेकचा कागद' एवढं उत्तर पुरत असे.

त्या दिवशी मी कारणं लिहिली. ती लिहिताना मला मजा आली, हे लपवून उपयोग नाही. एकीच्या नवऱ्याची पुण्याला बदली केली. एकीला शिवणकामाच्या क्लासला घातलं. एकीच्या आईचं जालन्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाक्यं नीट, स्वल्पविराम जागच्या जागी. साहेबांनी चाळून पाहिलं आणि "वा" म्हणाले. दहावीनंतर माझ्या इंग्रजीला कुणी वा म्हटलं नव्हतं.

खरं तर त्या इंग्रजीवर आमच्या घराची फार मोठी आशा होती. पप्पा गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात सेल्समन होते. दिवसभर उभं राहून तागे उलगडायचे, गिऱ्हाईक उठून गेलं की परत गुंडाळायचे. दुकानात येणाऱ्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या बायका आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलतात हे ते रोज ऐकत आणि घरी येऊन सांगत. म्हणून मी कॉन्व्हेंटात गेले. तिथं मराठी बोललं की दंड होता. मी दंड नको म्हणून मराठी बोलत नसे आणि चुकेन म्हणून इंग्रजीही. पुढे बी.कॉम. झाल्यावर मुलाखतींना गेले तेव्हा लिहिलेलं सगळ्यांना आवडायचं आणि समोर बसवलं की माझा आवाज बसायचा. 'तुम्ही बोलतच नाही,' असं एका मॅडमनी मला हसून सांगितलं होतं. टाइम ऑफिसात बोलावं लागत नव्हतं.

तोवर दुकानाच्या मालकांनी पप्पांना फक्त लगीनसराईपुरतं बोलवायला सुरुवात केली होती. घरी तेलाची मोठी पिशवी येणं थांबलं आणि अर्ध्या लिटरची यायला लागली. आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवणं बंद झालं. मी संध्याकाळी दारात पोचले की आतलं बोलणं थांबायचं. आई माझ्या चेहऱ्याकडे बघायची, नोकरी अजून आहे ना हे तिथं लिहिलेलं असल्यासारखं. माझ्या डब्यात ती चार पोळ्या देई आणि स्वतः किती खाते हे कळू देत नसे. मला त्या नजरेची भीती वाटायची. एक दिवस घरी जाऊन 'मला काढलं' असं सांगावं लागेल, हा विचार बसमध्ये पाठ सोडत नसे.

ठेकेदाराकडच्या बायकांना कंपनीचं कँटीन नव्हतं. सायकल स्टँडच्या सावलीत त्या डबे उघडत. मी पहिले काही दिवस खोलीतच खाल्लं. मग एक दिवस हाक आली, "ओ म्याडम, एकटीच काय गिळती? ये की इकडं."

हाक मारणारी बाई वैजापूरकडची. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नवरा तिकडं मार्केट यार्डात हमाली करायचा, आता गुडघे गेले म्हणून गावी भावाकडे होता. मावशी कारखान्याजवळच्या रांजणगावात एका खोलीत राहून पॅकिंगला येत होती, पाच वर्षं, दर सात महिन्यांनी ब्रेक घेत. मुलगी शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. ती नर्स होईपर्यंत मावशीला हे काम टिकवायचं होतं. दुसरं तिचं काही मागणं नव्हतं.

माझं मराठी तिथं सगळ्यांच्या करमणुकीचा विषय झालं. एकदा हजेरीचा नंबर वाचताना मी सिक्स्टी नाइनला एकोणसाठ म्हणाले.

"अगं बया, दहा खाल्ले पोरीनं!" मावशी ओरडली. "पगाराचं वाचताना असं करू नको माय."

"त्या कॉन्व्हेंटात उजळणी नसती का गं?" दुसरीनं विचारलं.

"नाय, तिथं टाय बांधाया शिकवत्यात."

मग त्यांनी मला एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मी चुकले की टाळ्या पडायच्या. शाळेत मी चुकण्याला जेवढी भ्यायचे तेवढी तिथं भ्याले नाही.

बोलणं बहुतेक एकाच गोष्टीचं असे, काय महागलं. खोलीवाल्यानं लाइटचं वेगळं लावलं. शेअर रिक्षावाला कामगार चौकातूनच मागं फिरतो, पुढचं वेगळं घेतो. मावशी डबा उघडून म्हणायची, "माझी डाळ आता पव्हायला शिकली. पयले तळाशी बसायची." सगळ्या हसायच्या, आणि कुणीतरी आपल्या डब्यातला ठेचा तिच्या झाकणावर ठेवायची.

पहिल्या गठ्ठ्यावर सह्या करून ब्रेकला गेलेल्या बायका पंधरा दिवसांनी परत आल्या. टाइम ऑफिसला एक छोटी खिडकी होती, तिथं त्यांची रांग लागली. भाऊ एकेकीचं आधार कार्ड बघून पास देत होते. मधेच त्यांनी एकीला बाजूला थांबायला सांगितलं. ती नव्या माणसासारखी नटून आली होती, पिशवीत धुऊन इस्त्री केलेला एप्रन.

"ताई, कंपनीनं आता नियम केलाय. नवीन भरतीला चाळिशीच्या आतलंच माणूस पाहिजे."

"पण मी नवीन कुठंय? मी ब्रेकला गेल्ते."

"तुम्ही राजीनामा दिलाय."

"नाय ओ, ब्रेकचा कागद व्हता तो. या पोरीनंच दिलता." तिनं खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं.

भाऊंनी फाइल काढली. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. बोट ठेवून त्यांनी अडखळत अर्थ सांगितला, "नवऱ्याची... बदली झाली. पुण्याला. म्हणून काम सोडते."

त्या बाईनं खिडकीत वाकून फाइलकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा नवरा वारून सहा वर्सं झाली."

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर काय होतं ते आठवत नाही. ती खिडकीशी अर्धा तास उभी होती. मग वॉचमन आला. जाताना तिनं मला काही म्हटलं नाही, आणि चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला नंतर पुष्कळ दिवस वाटत होतं.

"असं कसं झालं?" मी भाऊंना विचारलं. त्या ऑफिसात मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"सही झाली की विषय संपला," ते म्हणाले. "सही नसली तर बाई लेबर ऑफिसात जाऊन म्हणू शकते, मला काढलं म्हणून. मग उत्तरं द्यावी लागतात. म्हणून तर कागद." मग आवाज खाली करून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको. आपण लिहिणारी माणसं."

त्यानंतर मी फाइलमधली आधार कार्डं बघायला लागले. निम्म्याहून जास्त बायकांची जन्मतारीख एक जून होती. मला आधी वाटलं संगणकाची चूक असेल. भाऊ हसले. गावाकडच्या शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांना एक जूनच लावत, आणि जी शाळेतच गेली नाही तिच्या तोंडाकडे बघून आधारवाला साल ठरवी. मावशीचीही एक जून. त्या कागदाप्रमाणे येत्या जूनमध्ये ती चाळिशी पुरी करणार होती. एकदा जेवताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"आमचा कशाचा वाढदिवस? कापूस वेचायच्या दिवसांत झाले, एवढंच आई सांगायची." मग मला कोपरानं ढोसून म्हणाली, "का गं, केक आणती का काय?"

एप्रिलच्या शेवटी दुसरी यादी आली. पत्रा इतका तापायचा की पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. यादीत नववं नाव मावशीचं होतं. या वेळी कंपनीत काम कमी होतं म्हणून ब्रेक महिन्याचा. म्हणजे परत येईल तोवर जून लागलेला.

मी दोनदा उठून साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा आत गेले.

"सर, या यादीतल्या काहींचं वय... म्हणजे, परत घेताना..."

साहेब मोबाइलवर होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझा कितवा चालू आहे?"

"काय, सर?"

"महिना. सातवाच ना?" मग ते माझ्याकडे बघून छान हसले. "लिहून टाक लवकर. शनिवारी सह्या घ्यायच्यात."

मी माझ्या जागेवर आले. बराच वेळ काही कळेना. साहेब जेवायला बाहेर पडल्यावर मी काचेच्या दाराच्या लोखंडी कपाटातून ऑफिस स्टाफची फाइल काढली. माझा अर्ज होता, मार्कशीट होत्या, आधार होतं. त्याखाली एक टाइप केलेला कागद होता. खाली माझी सही. वर तारखेची जागा मोकळी. मधे 'मी या कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे' असं इंग्रजीत, आणि कारणाची ओळ मोकळी.

सही माझीच होती, शंकाच नव्हती. कामावर लागले त्या दिवशी साहेबांनी सात-आठ कागद पुढे केले होते, "इथं, इथं आणि इथं." मला वाचता येत होतं. त्या खोलीत माझ्याइतकं नीट दुसऱ्या कुणालाच वाचता आलं नसतं. पण साहेब उभे होते, त्यांना ताटकळत ठेवून वाचत बसणं मला उद्धटपणाचं वाटलं. म्हणून मी न वाचता सह्या केल्या होत्या.

त्या मोकळ्या ओळीकडे मी बघत राहिले. माझं कारण कोण लिहील? बहुधा 'लग्न ठरलं'. भाऊ म्हणालेच होते, तीन लई झाली. तो कागद फाडून टाकावा असं मनात आलं, आणि कपाटाच्या काचेत भाऊ माझ्याकडे बघताना दिसले. मी फाइल जागेवर ठेवली. भाऊ परत हजेरीपटाकडे वळले. साहेबांना सांगतील का, हे मला त्यांच्या तोंडावरून ओळखता येईना.

शुक्रवारपर्यंत मी बाकीच्या सगळ्यांची कारणं लिहिली. मावशीचं शेवटी ठेवलं. दुपारी साहेब म्हणाले, "एक कमी दिसतंय." तेव्हा मी लिहिलं. तिची लेक बाळंतपणाला आली आहे, तिच्याकडे बघायला कुणी नाही, म्हणून ती स्वखुशीने कायमचं काम सोडत आहे. लेकीचं लग्नही झालेलं नव्हतं, ती कुठल्या तरी वॉर्डात दुसऱ्यांच्या बाळंतिणी सांभाळायला शिकत होती. मी छापलं आणि गठ्ठ्यात ठेवलं. त्या संध्याकाळी पप्पा दुकानातून खुशीत आले होते, लगीनसराई जोरात होती. आईनं विचारलं, "कामावर सगळं ठीक?" मी हो म्हणाले आणि जेवण जात नव्हतं तरी ताट पुसून खाल्लं.

शनिवारी पहिली शिफ्ट तीनला सुटली. बायका घामेजलेल्या, घाईत. बाहेर बस उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. माझ्या टेबलाशी रांग लागली. साहेब माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. माझं काम एवढंच, नाव वाचायचं, कागद पुढे करायचा, सहीच्या जागी बोट ठेवायचं. पहिल्या आठ जणींच्या वेळी मी तेच केलं. त्यांच्याकडे वर बघितलं नाही. त्या सगळ्या वयानं लहान होत्या, त्या परत येतील, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही.

मग मावशीचा हात टेबलावर आला. बोटांना पॅकिंगच्या टेपचा चिकटा, नखांत पुठ्ठ्याची धूळ.

"आण बाई. महिनाभर आता गावाकडं झोपा काढते," ती म्हणाली. पेन घेतलं आणि थांबली. "व्हय गं, हे तूच लिव्हतीस ना सगळं? वाच की, काय लिव्हलंय माझं? तुझ्या इंग्रजीत ऐकू तरी दे एकदा."

"मावशीला इंग्रजी कळाया लागलं!" मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

"कळाया कशाला पायजे? पोरगी वाचती कशी ते बघायचंय. त्या एकोणसाठावानी घोळ घालती का काय."

साहेबही हसले. "दरवेळचाच ब्रेकचा कागद आहे, मावशी. करा सही, तुमची बस निघंल."

बाहेर परत हॉर्न वाजला. मावशीनं कागद सरळ केला आणि माझं बोट जिथं होतं तिथं पेन टेकवलं. माझं बोट तिथून हलेना. साहेबांचा गुडघा टेबलाखाली हलत होता, तो थांबला. भाऊंनी हजेरीपट मिटलेला मला ऐकू आला. घरी गेल्यावर आई माझ्याकडे कशी बघेल ते मला दिसलं, अगदी स्पष्ट. कपाटातली ती मोकळी ओळही दिसली. मावशीनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, आणि मी तिच्या पेनावर हात ठेवला.

"मावशी, सही करू नका," मी म्हणाले. "यात लिहिलंय की तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी स्वतःहून कायमचं काम सोडताय. जूनमध्ये तुम्हाला परत घेणार नाहीत. हे खोटं आहे, आणि हे मी लिहिलंय."